निवेदकाची जागा : आनंद यादव यांच्या लेखनातील गडी आणि प्राध्यापक

महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांत मराठी साहित्य शिकवणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आनंद यादव हे नाव उच्चारले की हिंदी पट्ट्यातून आलेले विद्यार्थी लगेच ओळख देतात. मराठी कादंबरीचा आणि त्यांचा एरवी फारसा संबंध नसतो. मात्र बारावीच्या हिंदी पूरक वाचनाच्या 'वितान' या पुस्तकात 'जूझ' नावाचा पाठ त्यांनी वाचलेला असतो. हा पाठ म्हणजे 'झोंबी'तील एका भागाचा हिंदी अनुवाद. वडिलांनी शाळेतून काढून शेतीला जुंपलेला मुलगा, आईला पुढे करून त्याने दत्ताजीराव देसायांकडे घातलेले गाऱ्हाणे, सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचे आणि शाळा सुटल्यावर पुन्हा गुरे राखायची या अटीवर मिळालेली परवानगी, आणि मग सौंदलगेकर मास्तरांनी लावलेला कवितेचा नाद. पाठाखालचे प्रश्न जिद्द, कष्ट आणि यश यांभोवती फिरणारे असावेत, असे विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून दिसते. ते सगळेजण 'संघर्ष' हा शब्द वापरतात.

त्या पाठात एक लहानशी गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सौंदलगेकर मास्तर मुलाला कवितेची गोडी लावतात, छंद आणि अलंकार समजावून सांगतात. त्याबरोबरच शिष्ट माणसांची भाषा कशी असते हेही त्याला शिकवतात, आणि मुलाची मराठी सुधारू लागते. 'सुधारणे' हे क्रियापद येथे अगदी सहज येते. ते कृतज्ञतेने आलेले आहे. तथापि, ज्या लेखकाने १९७१ साली 'गोतावळा' ही संपूर्ण कादंबरी न सुधारलेल्या मराठीत लिहिली, त्याच्याच आत्मचरित्रात्मक कादंबरीत हे क्रियापद यावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे: आनंद यादव यांनी निवेदकाच्या जागी कोणाला बसवले, कोणत्या भाषेत बसवले, आणि त्या निवडीमागे प्राध्यापक असलेल्या कादंबरीकाराचा कोणता पेच उभा आहे.

चरित्राचे तपशील आवश्यक तेवढेच नोंदवतो. जन्म १९३५, कागल. हे गाव घाटग्यांच्या जहागिरीचे. छत्रपती शाहूंचा जन्म याच घराण्यातला. १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करणारा राजा ज्या गावाच्या घराण्यातून आला, त्याच गावात तीसेक वर्षांनी दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरातल्या मुलाला चौथीपाचवीच्या वर्गासाठी जमीनदाराची मध्यस्थी मागावी लागली. कायदा आणि खळे यांच्यातले हे अंतर 'झोंबी'त कोठेही भाष्य म्हणून येत नाही, आणि ते बरेच झाले. पुढे यादव शिकले, काही काळ आकाशवाणीत राहिले, महाविद्यालयात अध्यापन केले आणि तेव्हाच्या पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागात प्राध्यापक झाले. 'हिरवे जग' (१९६०) हा कवितासंग्रह, 'मातीखालची माती' (१९६५) ही व्यक्तिचित्रे, 'खळाळ' (१९६७) हा कथासंग्रह आणि त्यानंतर 'गोतावळा' असा त्यांचा आरंभीचा क्रम आहे. 'झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

'गोतावळा'चे वेगळेपण समजून घ्यायचे तर तिच्या आधी मराठीतली ग्रामीण आणि प्रादेशिक कादंबरी कोणाच्या तोंडून बोलत होती हे पाहावे लागते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मास्तर सांगतो. तो कोवळा आहे, वाडीला बिचकतो आणि हळूहळू वाडीचा होतो. तरीही तो बाहेरून आलेला, लिहितावाचता येणारा, सरकारी पगारावरचा माणूस आहे. धनगर त्यांच्या बोलीत बोलतात आणि मास्तर त्यांचे बोलणे आपल्या नितळ प्रमाण मराठीत ठेवून घेतो. श्री. ना. पेंडसे यांच्या कोकणातल्या कादंबऱ्यांतही बोली मुख्यतः अवतरणचिन्हांच्या आत राहते. या रचनेत काही खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. 'बनगरवाडी'चे यश या अंतरामुळेच शक्य झाले. दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा ती पाहणारा डोळा तिथला नसतो, म्हणून ते ओसाडपण इतके स्वच्छ दिसते.

ही रचना केवळ मराठीची नाही. फणीश्वरनाथ रेणू यांच्या 'मैला आँचल' (१९५४) या कादंबरीने हिंदीत 'आंचलिक उपन्यास' ही संज्ञा रूढ केली. तिच्यातही मेरीगंज गावात बाहेरून एक डॉक्टर येतो. मलेरिया आणि काळा आजार यांच्यावर संशोधन करायला आलेला प्रशांत आणि बनगरवाडीचा मास्तर यांच्यातले साम्य वरवरचे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात भारतीय कादंबरी खेड्यात शिरली ती शाळा किंवा दवाखाना घेऊन. फरक असा, की रेणूंच्या निवेदनात गावाचा आवाज झिरपलेला आहे. ढोलाचे बोल, अफवा, लोकगीतांचे तुकडे, इंग्रजी शब्दांची गावाने केलेली मोडतोड, हे सारे निवेदकाच्या वाक्यातच घुसते, आणि कोण बोलते आहे हे काही वेळा सांगता येत नाही. बाख्तीनची बहुस्वरता शिकवताना मी दस्तयेव्हस्कीऐवजी रेणूंचे एखादे पान उघडतो. विद्यार्थ्यांना ते लवकर कळते.

'गोतावळा'त यादव रेणूंच्या वाटेने जात नाहीत. ते गावाचा समूहस्वर मांडत नाहीत, बाहेरचा माणूसही आणत नाहीत. तेथे बोलतो तो एकच आवाज, आणि तो नारबाचा. नारबा हा रामू सोनवडेकराच्या मळ्यातला गडी. त्याला जमीन नाही, घर नाही, बायको नाही. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक यंत्राकडे वळतो, ट्रॅक्टर येतो, बैल आणि इतर जनावरे एकेक करून मळ्यातून जातात, आणि शेवटी नारबालाही तेथे राहण्याचे कारण उरत नाही. कथानक एवढेच. ते त्याच्याच बोलीत, कागल परिसराच्या मराठीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सांगितलेले आहे. बनगरवाडीतल्या मास्तराची खुर्ची येथे लिहिता न येणाऱ्या माणसाला मिळाली आहे. मराठी कादंबरीत बोलीचा उपयोग यादवांनी प्रथम केला असे कोणी म्हणू नये. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधली वऱ्हाडी आपल्यासमोर आहे. परंतु कादंबरीचा सारा भार एका गड्याच्या बोलीवर टाकून मागे प्रमाणभाषेचा आधार न ठेवणे हे धाडस होते, आणि ते बहुतांशी यशस्वी झाले आहे.

हे यश बोलीच्या गोडव्याचे मानण्याकडे आपल्या समीक्षेचा कल दिसतो. 'रसरशीत', 'मातीचा गंध असलेली' अशी विशेषणे नारबाच्या भाषेला लावली जातात. ती मला अपुरी वाटतात, आणि थोडी अपमानास्पदही. नारबाच्या बोलीचे सामर्थ्य तिच्या नादात नाही. ती ज्या तऱ्हेने जगाची वर्गवारी करते, तिच्यात आहे. प्रमाण मराठीत माणूस आणि जनावर यांच्यासाठी शब्दांच्या दोन रांगा आहेत. नारबाच्या बोलण्यात त्या सहज एकमेकांत मिसळतात. जनावराचा रुसवा, त्याचे म्हातारपण, त्याची समजूत यांविषयी तो जे बोलतो त्याला अलंकारशास्त्रातले 'चेतनगुणोक्ती' हे नाव देता येणार नाही. त्या नावात जनावराला मुळात नसलेला गुण बहाल केल्याचे गृहीत असते. नारबा काहीही बहाल करत नाही. तो फक्त आपल्या भावकीविषयी बोलतो. म्हणूनच बैल विकला जातो तेव्हा व्यवहाराची भाषा आणि नात्याची भाषा यांची जी टक्कर होते, ती कोणत्याही भाष्याविना होते. मालकाच्या दृष्टीने जे विकले गेले ते भांडवल असते. नारबाच्या भाषेत भांडवलाला शब्दच नाही.

येथे एक हरकत नोंदवणे आवश्यक आहे. 'गोतावळा' ही यंत्रयुगाने खेड्याचा घास घेतल्याची शोकांतिका म्हणून वाचली जाते, आणि कादंबरी या वाचनाला पुरेसा वाव देते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील संकरित बियाणे, विहिरीवरची यंत्रे, उसाखाली जाणारी जमीन, सहकारी साखर कारखानदारी या पार्श्वभूमीवर ते वाचन स्वाभाविकही आहे. तरीही ट्रॅक्टर हा कादंबरीतला खलनायक आहे असे समजले, की तिच्यातले मूळ दुःख निसटते. ज्यांना नारबा आपला गोतावळा म्हणतो त्यांतले एकही जनावर त्याचे नाही. ट्रॅक्टर येण्यापूर्वीही नव्हते. कुळकायदा १९४८ चा, कसणाऱ्याला मालक ठरवणारा 'कृषक दिन' १ एप्रिल १९५७ चा. पण त्या कायद्याच्या नोंदीत कूळ येते, गडी येत नाही. नारबाचे नाते दुसऱ्याच्या मालमत्तेशी जडले आहे, आणि हे त्याला पूर्णपणे कधी उमगत नाही. शीर्षकातला हा उपरोध लेखकाने कितपत जाणून योजला असावा? माझे मत असे, की लेखकाचा कळवळा जनावरांच्या ताटातुटीवर इतका खिळला आहे की मालकीचा प्रश्न त्याच्याही नजरेआड झाला आहे. शेवटाकडे कादंबरी हळवी होते, तेथे नारबाच्या आवाजात दुसराच कोणीतरी बोलतो असा भास होतो. वाक्ये जरा जास्तच नेटकी होऊ लागतात, प्रतिमा एकमेकींना पूरक होऊ लागतात. बोलीचे उच्चार शाबूत असतात. पण त्यांना जुळवणारा हात साहित्याच्या प्राध्यापकाचा असतो.

हा हात दाखवावा की लपवावा, याला भारतीय कादंबरीत निरनिराळी उत्तरे मिळालेली आहेत. राही मासूम रझा अलीगढ विद्यापीठात उर्दू शिकवत होते. गाझीपूर जिल्ह्यातल्या आपल्या गंगौली गावावर लिहिलेल्या 'आधा गाँव' (१९६६) या कादंबरीत त्यांनी भूमिका मध्येच घातली. प्रास्ताविक पहिल्या पानावर न येता कादंबरी बरीच पुढे सरकल्यावर येते, आणि लेखक स्वतःच्या नावाने वाचकासमोर उभा राहतो. गंगौलीतले सय्यद भोजपुरी वळणाची उर्दू बोलतात, शिव्या देतात, मोहरम पाळतात; त्यांच्यात लहानाचा मोठा झालेला आणि आता तेथून निघून गेलेला माणूस आपण येथे आहोत हे लपवत नाही. यादव नेमके उलट करतात. 'गोतावळा'त ते इतके पूर्णपणे अदृश्य होतात की नारबा हे सारे कोणाला सांगतो आहे, हा प्रश्नही वाचकाला पडू नये. तो पडतो मात्र. एका सत्रात एका भोजपुरीभाषक विद्यार्थिनीने मला हाच प्रश्न विचारला. तिचे म्हणणे असे होते, की तिच्या घरचा गडी असे बोलायचा खरा, पण जनावरांशी किंवा दुसऱ्या गड्याशी. तिच्याशी त्याने कधी असे बोलणे केले नव्हते. मी तेव्हा स्वगताचे संकेत वगैरे सांगून वेळ मारून नेली. तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा चांगला होता.

त्या प्रश्नाचे काहीसे उत्तर सोळा वर्षांनंतरच्या 'झोंबी'त (१९८७) सापडते. येथे निवेदक नारबा नाही. गड्यासारखाच राबणारा, पण वाचायचा ध्यास घेतलेला, कुळाच्या घरातला थोरला मुलगा येथे आपली कथा सांगतो. बनगरवाडीत मास्तर खेड्यात येतो, 'गोतावळा'त मास्तर नाही, आणि 'झोंबी'त खेड्यातला मुलगा मास्तर होण्याच्या वाटेवर निघतो. एका तऱ्हेने हे वर्तुळ पुरे होते. मात्र येथे भाषेची मांडणी पुन्हा 'बनगरवाडी'सारखी होते. वडील, आई, गावकरी बोलीत बोलतात. निवेदन प्रमाण मराठीच्या अंगाने चालते. म्हणजे यादवांनी आपली मायबोली निवेदनासाठी वापरली ती दुसऱ्याच्या तोंडून बोलताना, आणि स्वतःच्या आईची गोष्ट सांगताना मात्र शाळेत मिळवलेली भाषा घेतली.

याला सोपे स्पष्टीकरण आहे: 'झोंबी' आत्मचरित्रात्मक आहे, लिहिणारा माणूस प्राध्यापक आहे, तो आज ज्या भाषेत विचार करतो तीतच तो लिहिणार. हे खरे आहे. पण दया पवार यांच्या 'बलुतं'शी (१९७८) तुलना केली म्हणजे हे स्पष्टीकरण पुरे नाही हे ध्यानात येते. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकच माणूस दोन नावांनी समोरासमोर बसतो; गावातला आणि शिकून पांढरपेशा झालेला. जो दुभंग शिक्षणाने घडवला त्याला पवारांनी रचनेतच जागा दिली. 'झोंबी'त असा दुभंग मांडलेला नाही. तेथे प्रौढ प्राध्यापक आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा एकाच 'मी'त विरघळतात, आणि प्रमाणभाषेचा अखंड प्रवाह त्या सांध्यावर पडदा टाकतो. मुलाने ज्या भाषेत दुःख भोगले ती भाषा प्रौढाने दुरुस्त करून घेतली आहे, ही वस्तुस्थिती वाचक विसरतो.

हे दोष दाखवण्यासाठी म्हणत नाही. माझ्या मते 'झोंबी'तली सर्वांत सच्ची गोष्ट कदाचित हीच आहे. त्या मुलाला प्रमाणभाषा कोणी लादून दिलेली नव्हती. ती त्याने मागितली, तिच्यासाठी मार खाल्ला. पाणी पाजताना, गुरे राखताना तो कविता चालीवर म्हणतो. जवळ कागद नसेल तेव्हा म्हशीच्या पाठीवर काटकीने ओळी लिहितो. मास्तरांच्या दारातल्या मालतीच्या वेलावर मास्तरांनीच कविता केली हे पाहून कवीही आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो हा शोध त्याला लागतो. अशा मुलाला 'तू बोलीतच लिही, ती अधिक अस्सल आहे' असे सांगणे हा सुशिक्षितांचा चोचला ठरेल. बोलीचा गौरव करणे ज्याला परवडते त्याच्याकडे प्रमाणभाषा आधीच असते. नारबाला बोलीत बोलवणारा लेखक हा त्याच चढणीवरून वर आलेला आहे. आपल्याला वर घेऊन येणारी भाषा तो स्वतःसाठी सोडून देईल अशी अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने करायची?

'झोंबी'चे स्वागत ज्या पद्धतीने झाले त्याने मात्र हा पेच झाकला गेला. पुस्तकाला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना लाभली आणि मराठी मध्यमवर्गाने ते डोळे पुसत वाचले. हे डोळे पुसणे प्रामाणिक होते. परंतु त्या वाचनात मुलगा शाळेत जातो हा विजय ठरतो, आणि जे शेतातच राहिले ते पार्श्वभूमीत जातात. शाळेसाठी मुलाचे हात मोकळे झाले की त्याच्या वाट्याचे काम कोणाच्या तरी अंगावर पडतेच. आईच्या आणि पाठच्या भावंडांच्या. पुढच्या 'नांगरणी' (१९९०), 'घरभिंती' (१९९२) आणि 'काचवेल' (१९९७) या खंडांत घराचे हे ओझे पुन्हा पुन्हा परतते. हे तीन खंड वाङ्मयीनदृष्ट्या 'झोंबी'च्या तोडीचे नाहीत, हे मान्य करावे लागते. पण शिकलेल्या थोरल्याच्या कर्जाचा हिशेब तेथेच आहे. 'वितान'मधल्या चारदोन पानांत तो येणे शक्य नव्हते. शिकवणाऱ्याने तो वर्गात आणावा एवढेच.

यादवांच्या समीक्षेबद्दल थोडक्यात. सत्तरच्या दशकात ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली, तिचे ते प्रमुख संघटक आणि भाष्यकार होते. 'ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या' (१९७९) आणि नंतरच्या पुस्तकांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमांना एक शब्दसंपदा दिली. त्यांची समीक्षेची भाषा वर्गातली आहे: व्याख्या, प्रकार, लक्षणे. ज्याने नारबाची भाषा घडवली त्याची ही भाषा इतकी रंगहीन का, असे वाटते खरे. पण महाविद्यालयात पहिल्या पिढीचा विद्यार्थी बसू लागला होता, आणि त्याला टिपणे काढता येतील अशी भाषा हवी होती. हे लेखन त्याच्यासाठी होते. त्यातले सिद्धान्त आज जुने वाटतात, त्यामागची गरज तशी वाटत नाही.

कोणाच्या वतीने कोण बोलू शकतो, हा प्रश्न यादवांच्या आयुष्यात शेवटी साहित्याच्या वर्तुळाबाहेरून आला. 'लोकसखा ज्ञानेश्वर'नंतर त्यांनी 'संतसूर्य तुकाराम' (२००८) ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या तुकोबांच्या पूर्वायुष्याच्या चित्रणावर वारकऱ्यांनी तीव्र आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले गेले; तरीही महाबळेश्वरच्या ८२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या (२००९) निर्वाचित अध्यक्षपदाचा त्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि ते संमेलन अध्यक्षाविना झाले. या प्रकरणात लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मी घेतो. ती घेत असताना एक फरक मात्र नजरेआड करता येत नाही. नारबाच्या वतीने यादव बोलले तेव्हा एकही गडी हरकत घ्यायला आला नाही. नारबाच्या भाऊबंदांपैकी कितीजणांच्या हातात ते पुस्तक पडले असेल? तुकोबांच्या मागे साडेतीन शतकांची पायी चालणारी परंपरा उभी आहे. नारबाच्या मागे कोणीही नाही. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची मोकळीक लेखकाला जेथे सर्वाधिक मिळते, तेथे ती बहुधा समोरच्याच्या दुबळेपणातून आलेली असते.

'नटरंग' (१९८०) मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. २०१० सालच्या चित्रपटाने ती घराघरात पोहोचवली, आणि त्यामुळे तिच्याविषयी बोलणे अवघडही झाले. विद्यार्थी कादंबरीविषयी बोलताना गाणी आठवत असतात. पहिलवानी अंगाचा मजूर गुणा तमाशाच्या फडात उभा राहतो तो नाच्या होऊन. रंगमंचावर जागा मिळावी म्हणून त्याला चाल, हातवारे, आवाज सारे बदलावे लागते, आणि बदललेले ते रूप गाव त्याला पुन्हा उतरवू देत नाही. या कादंबरीचा विषय तमाशा आहे हे उघडच आहे. पण 'गोतावळा' आणि 'झोंबी' यांच्या मधल्या वर्षांत, विद्यापीठात शिकवणाऱ्या लेखकाने, आवाज बदलून व्यासपीठ मिळवणाऱ्या मजुराची गोष्ट निवडावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. गुणाला जे भोगावे लागले तसे प्राध्यापकाला भोगावे लागत नाही. प्रमाणभाषा बोलणाऱ्याची कोणी टिंगल करत नाही. साम्य फक्त एवढ्यापुरते, की परतीची वाट दोघांनाही बंद आहे.

तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने शेवटचा प्रश्न अनुवादाचा. 'झोंबी' हिंदीत 'जूझ' होऊन नीट पोहोचते, याचे एक कारण तिचे निवेदन मुळातच प्रमाणभाषेच्या वळणाचे आहे. तेथे अनुवादकाला एका प्रमाणभाषेतून दुसऱ्या प्रमाणभाषेत जायचे असते. नारबाला कोठे न्यायचे? खडी बोलीत नेला तर तो बनगरवाडीचा मास्तर होतो. भोजपुरीत नेला तर तो कागलचा राहत नाही, गाझीपूरचा होतो. आणि त्या बोलीची स्वतःची लेखनपरंपरा, तिची प्रतिष्ठेची आणि अप्रतिष्ठेची स्वतःची गणिते त्याच्या मागोमाग येतात. एका सत्रात मी 'गोतावळा'तला एक प्रसंग मराठीतून वाचून दाखवला, हिंदीतून अर्थ सांगितला, आणि प्रत्येकाने तो आपल्या घरच्या बोलीत सांगावा असे सुचवले. मैथिली, मगही, बुंदेली, तुळू अशा अनेक बोली-भाषांत तो प्रसंग त्या दिवशी वर्गात सांगितला गेला. हसूही झाले, आणि बैल विकला जातो त्या जागी वर्ग गप्पही झाला. पुढच्या आठवड्यात तेच लिहून आणा म्हटल्यावर चौदापैकी अकरा जणांनी ते हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून आणले. कारण विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच होते. बोलता येते, पण लिहायची कधी वेळ आली नाही.